दोन्ही बाजूंना सारखी हवा

ट्रकखाली बसवायच्या एअरबॅगचे दोन खोके सकाळी आठपासून अंगणातल्या टेबलावर तसेच पडून होते, कारण कुठला खोका कुणाचा हे अजून ठरायचं होतं.

खोके सारखे होते. आतल्या रबरी पिशव्याही सारख्याच. ताईचं हे तीन वेळा सांगून झालं होतं. तरी दादाने दोन्ही खोके उचलून वजन हाताने अजमावलं, आणि दादाने अजमावलं म्हणून धाकट्यानेही अजमावलं.

"यात डावं-उजवं नसतं रे," ताई म्हणाली. "कुठलीही पिशवी कुठल्याही बाजूला बसते."

"मग याच्यावर ओरखडा का आहे?" दादाने एका खोक्यावर बोट ठेवलं.

"ओरखडा खोक्याला आहे. खोका काय गाडीला लावायचाय?"

"ओरखड्याचा मला नको," धाकटा म्हणाला.

"म्हणजे मी घ्यायचा? का, मी मोठा म्हणून?"

ताईने कपाळाला हात लावला. हात ग्रीसचा होता, त्यामुळे कपाळही काळं झालं. पण त्या घरात तिच्या कपाळाकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

वाटणीच्या वर्षी बाबांकडे तीन ट्रक होते आणि मुलगे दोन. एकेक ट्रक एकेकाला दिला, आणि तिसऱ्यापाशी येऊन गाडं अडलं. तो विकावा असं कुणाच्याही डोक्यात आलं असतं; पण बाबांनी आयुष्यभर दोन मुलांना दोन सारखे सदरे, दोन सारख्या सायकली, एवढंच काय, एकाने आगळीक केली तरी दोघांना सारख्या दोन थपडा दिल्या होत्या. त्यांनी ट्रकच्या मधोमध खडूने रेघ ओढली. डावी बाजू दादाची, उजवी धाकट्याची. तेव्हापासून डावा दरवाजा हिरवा होता आणि उजवा निळा. डावे टायर दादा घेई, उजवे धाकटा घेई, आणि दोघांची दुकानंही वेगळी असत. पुढचा एक दिवा पिवळा, एक पांढरा; समोरून येणाऱ्याला अंधारात दोन निरनिराळ्या मोटारसायकली येताहेत असं वाटून तो मधून जाण्याच्या बेतात असे. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे धाकट्याच्या वाट्याला गेलं, म्हणून दादाने भरपाई म्हणून हॉर्न मागून घेतला होता. हॉर्नचं बटण डाव्या दरवाजाशी होतं.

अशी गाडी चालवणार कोण? दादाने चालवली तर धाकट्याला संशय, धाकट्याने चालवली तर दादाला. म्हणून ती ताई चालवी. दुरुस्तही तीच करी. दोघांच्या मधली ही बहीण माहेरी परत आल्याला अकरा वर्षं झाली होती. अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये तिने गॅरेज मांडलं होतं, आणि घरातले तिन्ही ट्रक तिच्या हाताखालून जात. वाटणीत तिचा विषय निघाला नव्हता. निघाला असता तर बाबांना ट्रकवर आणखी एक रेघ ओढावी लागली असती.

एअरबॅगचं प्रकरण उपटलं ते अंडेवाल्यामुळे. गावाबाहेर त्याची मोठी पोल्ट्री होती. रोज तीस हजार अंडी शहरात पोहोचवायला त्याला गाडी हवी होती, वर्षभरासाठी. पण या ट्रकच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे असे ताठ, की खड्ड्यात गाडी माणसासारखी उडी मारी. ताईने उपाय सांगितला: एक्सल आणि चासी यांच्या मध्ये दोन्हीकडे एकेक हवेची पिशवी बसवायची. माल जास्त असेल तेव्हा हवा भरायची, कमी असेल तेव्हा सोडायची, म्हणजे गाडी सपाट राहते आणि धक्का वर येत नाही. हवेसाठी दर वेळी पंपावर धावायला नको म्हणून कंप्रेसर आणि छोटी टाकी गाडीवरच बसवायची. अंडेवाल्याने मान डोलावली होती. आज तीन वाजता तो गाडी बघायला येणार होता.

आणि आजच पाचच्या आत ताईला एक फोन करायचा होता.

बसच्या डेपोत कार्यशाळेच्या प्रमुखाची जागा रिकामी होती. त्यांनी तिला बोलावून घेतलं होतं, काम पाहिलं होतं आणि पत्र दिलं होतं. हे फक्त दादाच्या बायकोला, मोठ्या वहिनीला ठाऊक होतं. ताईचं मन काही डेपोत गुंतलं नव्हतं; तिला हेच अंगण हवं होतं. फक्त बाबांनी एकदा, सगळ्यांसमोर म्हणावं, की गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द ताईचा. एवढं म्हटलं, की पत्र फाडून टाकायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. अकरा वर्षं थांबली होती, आणखी एक दिवस थांबायला हरकत नव्हती.

खोक्यांचा सोक्षमोक्ष अखेर धाकटीने लावला. धाकट्याची ही बायको शाळेत गणित शिकवी. तिने पुठ्ठ्याचे दोन्ही खोके फाडून फेकले आणि पिशव्या टेबलावर ठेवल्या. "आता ओळखा ओरखड्याची कुठली ते," ती म्हणाली. कुणालाच ओळखता येईना. ताईने मनातल्या मनात तिला शंभरपैकी शंभर दिले.

पण खरी लढाई पुढे होती.

"पाईप दोन टाकते," ताईने सांगितलं. "डाव्या पिशवीला वेगळा, उजवीला वेगळा. केबिनमध्ये दोन काटे, दोन वॉल्व्ह. ज्या बाजूला वजन जास्त, त्या बाजूला हवा जास्त."

दोघा भावांचे चेहरे खुलले. वेगळं म्हटलं की त्यांना बरं वाटे. मग दादाचा चेहरा हळूहळू बदलला.

"दोन्ही वॉल्व्ह केबिनमध्ये?"

"हो."

"केबिनमध्ये, म्हणजे स्टिअरिंगजवळ. म्हणजे याच्या बाजूला."

"मी काय करणार तुझ्या वॉल्व्हला?" धाकटा उसळला.

"हवा सोडशील."

"तुझी हवा सोडून मला काय मिळणार?"

"ते तुलाच ठाऊक. हॉर्नची वायर कुणी तोडली होती?"

हॉर्नची वायर उंदराने तोडली होती. उंदीर सापडलाही होता. पण या घरात पुराव्याने कुणाचं मत बदललं आहे असं अजून घडलं नव्हतं. धाकटीही नवऱ्याच्या बाजूला सरकली आणि म्हणाली, की मग एक वॉल्व्ह हिरव्या दारावर लावा, एक निळ्या. त्यावर मोठ्या वहिनीने विचारलं, की चालवणाऱ्या ताईचा हात हिरव्या दारापर्यंत कसा पुरायचा? तिचा हात काय रबराचा आहे? त्यावर धाकटीला वाटलं, आपल्या शिकवण्यावर टोमणा मारला. शिकवण्याचा काय संबंध होता ते देव जाणे.

इतक्यात बाबा बाहेर आले. पांढरा स्वच्छ सदरा, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी.  बाबांचं वय ऐंशीच्या पुढे गेलं होतं, पण निकाल देण्याची हौस अजून भरात होती.

"काय वाद आहे?"

सगळ्यांनी एकदम सांगितलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

"एकच पाईप," ते म्हणाले. "पुढे जाऊन त्याला दोन फाटे. एक काटा, एक वॉल्व्ह. दोघांना सारखी हवा. माझ्या घरात कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

"बाबा, असं नाही चालत," ताई म्हणाली. "दोन्ही पिशव्या एका पाईपने जोडल्या, की त्यांच्यातली हवा मोकळी फिरणार. गाडी वळली की वजन एका बाजूला येतं. त्या बाजूची हवा दाबली जाऊन दुसरीकडे पळते. जिला हवा पाहिजे तीच पिशवी रिकामी होते, आणि गाडी तिकडेच कलते."

"पळते म्हणजे कुठे पळते?"

"दुसऱ्या पिशवीत."

"म्हणजे भावाकडेच ना?" बाबा प्रसन्न हसले. "मग पळू दे. घरातल्या घरात आहे."

दादा हसला. धाकटा हसला. वर्षातून एखाद्या वेळी त्या दोघांचं एकमत होई, ते नेमकं आज झालं.

"बाबा, हे मी रोज बघते. माझं ऐका."

"तू काम कर ताई. ठरवायचं काम आमच्यावर सोड."

 ताई पान्हा उचलून गाडीखाली गेली.

गाडीखाली मात्र तिचं राज्य होतं. तिने चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना अडण लावली, जॅकने मागचा भाग उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवला, जुने रबरी ठोकळे काढले, आणि त्यांच्या जागी खाली-वर पट्ट्या कसून पिशव्या बसवल्या. पिशवी फुगली की ब्रेकच्या नळीला घासेल का, हे हात फिरवून पाहिलं. डावीकडे घासली असती, म्हणून नळी बोटभर सरकवून बांधली. पाईप ब्लेडने अगदी सरळ कापला, कारण तिरका कापला की फिटिंगमधून हवा झिरपते. कंप्रेसर आणि टाकी चासीला लावायला तिला दहा मिनिटं लागली असती, पण लागला दीड तास. टाकी गाडीच्या बरोब्बर मध्यावर हवी म्हणून दादा एकीकडून टेप धरून होता आणि धाकटा दुसरीकडून, आणि दोघांच्या टेपचा मध्य एक येत नव्हता.

मोठी वहिनी पाण्याची बाटली द्यायला वाकली.

"फोन केलास?" तिने हळूच विचारलं.

"पाचपर्यंत वेळ आहे."

"कशाची वाट बघतेस गं? मी या घरात एकतीस वर्षं वाट बघितली. पंखा बदलायला सांगितला होता. अजून तोच आहे."

"बाबा आज ना उद्या ऐकतील, वहिनी."

"ऐकतील. कान तपासून आणले की." वहिनी उठली, मग परत वाकली. "मी तुला जा म्हणत नाही. तू गेलीस तर या घरात बोलायला मला कोण उरणार? पण तरी सांगते, फोन कर."

पावणेतीनला ताईने साबणाचं पाणी करून प्रत्येक सांध्यावर ओतलं. बुडबुडा एकही आला नाही. कंप्रेसरचं बटण दाबलं. तो घरघरला, काटा चढू लागला, दहा, वीस, तीस पौंड. आणि ट्रकचा मागचा भाग दोन्हीकडून सारखा, संथपणे वर उचलला गेला. सगळं कुटुंब बघत राहिलं. ताईला मनापासून आनंद झाला. काम तिच्या मनाविरुद्धचं होतं, पण चोख होतं.

"बघ," बाबा म्हणाले. "सारखी."

"उभ्या गाडीला सारखीच असते, बाबा."

अंडेवाला तीनला आला. बारीक, मितभाषी माणूस. काखेत तीस अंड्यांचा एक ट्रे.

"भरलेली गाडी दाखवा," तो म्हणाला. "रिकामी तर बैलगाडीही बरी चालते."

भरायचं काय? दादाच्या गोदामात सिमेंटची पोती होती, पण त्याची पोती धाकट्याच्या बाजूला ठेवायला तो तयार नव्हता. धाकट्याकडे विटा होत्या, त्यांचंही तेच. शेवटी बाबांनी मार्ग काढला: घरची माणसंच बसतील. दादाकडची डावीकडे, धाकट्याकडची उजवीकडे. ट्रकच्या मागच्या हौद्यात बाकं चढवली. एकीकडे दादा, मोठी वहिनी, त्यांचा गलेलठ्ठ मुलगा आणि सून. समोर धाकटा, धाकटी, तिच्या दोन मुली आणि वजन भरत नाही म्हणून शिवणाचं मशीन. मधोमध खुर्ची टाकून बाबा बसले. अंडेवाल्याने ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः खाली उभा राहिला. तो अनुभवी माणूस होता.

"ड्रायव्हर कोण?" त्याने विचारलं.

"ताई," दादा म्हणाला. "तिच्यावर आमचा दोघांचाही भरवसा. ती कुणाच्याच बाजूची नाही."

हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं. ताईला ते लागलं. एवढी नऊ माणसं हौद्यात आपापल्या बाजूला बसली होती, आणि तिची बाजू म्हणून कुठे एक स्टूलही नव्हतं.

ती केबिनमध्ये चढली नाही. हौद्याच्या कडेला जाऊन वर बघत म्हणाली, "बाबा, एक शेवटचं सांगते. पाण्याच्या टाकीला वळसा घालताना गाडी कलणार. पाईप वेगळे करायला अर्धा तास लागेल. मला अर्धा तास द्या."

"माणसं बसली, अंडी आली, आणि आता अर्धा तास?" बाबा म्हणाले. "चल, घे गाडी."

"कडेला घट्ट धरून बसा," ताई म्हणाली, आणि तिने माणूस चालतो त्याहून जराशा वेगाने गाडी घेतली. तिला कुणाला इजा करायची नव्हती.

सरळ रस्त्यावर गाडी लोण्यावरून जावी तशी गेली. खड्डा आला तो कळलाही नाही. "वा!" धाकटा म्हणाला. "वा काय, माझी बाजू जास्त मऊ आहे," दादा म्हणाला. मग पाण्याची टाकी आली आणि ताईने स्टिअरिंग उजवीकडे वळवलं.

वजन डावीकडे गेलं. डाव्या पिशवीतली हवा उजवीत शिरली. हिरवी बाजू खाली बसली, निळी बाजू वर उठली, आणि धाकट्याचं कुटुंब बाकासकट, अगदी सावकाश, घसरत दादाच्या कुटुंबाच्या मांडीवर आलं. त्यांच्यामागून शिवणाचं मशीन आलं. दिवाळखोर नातेवाईक आल्यावर जसे पाय आखडून बसतात तशा सगळ्यांनी तंगड्या वर घेतल्या आणि मशीन खाली फळीला जाऊन थडकलं. वाटणीनंतर ही दोन घरं इतकी जवळ कधी आली नव्हती. बाबांची खुर्ची कलली, मोठ्या वहिनीने त्यांना दंडाला धरून सावरलं, पण ट्रेला सावरायला तिला तिसरा हात नव्हता.

ताईने ब्रेक लावून मागे धाव घेतली. कुणाला खरचटलंही नव्हतं. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून पिवळा बलक ओघळत होता.

 मग दादा गरजला.

"माझी हवा याने घेतली! माझी बाजू बसली आणि याची फुगली, सगळ्यांनी पाहिलं!"

"मी मागितली होती का तुझी हवा? आपणहून आली!"

"आली तर परत करायची!"

"अहो, आधी माझ्या मांडीवरून उठा," मोठी वहिनी म्हणाली. ती धाकट्याला म्हणत होती.

धाकटी मात्र हसत सुटली होती. गणिताच्या बाईंना हसताना या घरात फारसं कुणी पाहिलं नव्हतं. तिचं बघून वहिनीही हसायला लागली, आणि दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नवऱ्यांना ते मुळीच आवडलं नाही.

अंडेवाल्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "अर्धा तास म्हणाली होतीस ना, बाई?" तो ताईला म्हणाला. "मी थांबतो."

ताई कुणाला न विचारता गाडीखाली गेली. दोन फाट्यांचा जोड काढून फेकला. दुसरा पाईप ओढला, दुसरा काटा बसवला, दोन वॉल्व्ह लावले. सत्तावीस मिनिटं लागली. माणसं पुन्हा बसली, नवा ट्रे पुन्हा बाबांच्या मांडीवर आला. ट्रक पाण्याच्या टाकीला वळसा घालून परतला तेव्हा तीसच्या तीस अंडी शाबूत होती.

"जमलं," अंडेवाल्याने खिशातून कागद काढला. "गाडीचा जबाबदार माणूस कोण? नाव लिहायचंय."

"मी," दादा म्हणाला.

"आम्ही दोघे," धाकटा म्हणाला.

"दोघांचीही नावं लिहा," बाबांनी निकाल दिला. "सारख्या अक्षरात."

"एकच लिहिता येईल. रस्त्यात गाडी बिघडली तर फोन कुणाला करू?"

बाबा सोडून हौद्यातल्या आठही माणसांनी एकदम ताईकडे बोट दाखवलं. दादाने दाखवलं, धाकट्याने दाखवलं, धाकटीच्या लहान मुलीनेही दाखवलं.

"मग यांचं लिहितो."

 ताई बाबांकडे बघत होती. हाच क्षण होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी तिला पुरलं असतं.

"तिचं कशाला?" बाबा म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "ती तर घरचीच आहे."

अंडेवाल्याचं पेन तसंच राहिलं. मोठ्या वहिनीने मान फिरवली.

"मग घरच्यांना सांगते," ताई म्हणाली.  "बसच्या डेपोने मला कार्यशाळेची प्रमुख म्हणून बोलावलंय. आता फोन करून हो सांगणार आहे. एक तारखेपासून मी तिकडे."

 मग धाकटा म्हणाला, "आणि गाडी?"

"गाडीचं काय?" दादाही म्हणाला. "बिघडली तर?"

"डेपोच्या बाहेर एक गॅरेज आहे. तिथे न्या. रांगेत लावा."

"रांगेत? आपली गाडी?"

"आधी जो येईल त्याची आधी," ताई म्हणाली, आणि शेडमागच्या नळावर हात धुवायला गेली.

तिला रडू येत होतं. तिने नळ मोठा सोडला. अंगणातून आवाज येत होते: गॅरेजच्या रांगेत गाडी दादाने न्यायची की धाकट्याने, की एकाने नेऊन दुसऱ्याने आणायची. गाडी अजून बिघडलीही नव्हती. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती.

बाबा तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. किती वेळ, कुणास ठाऊक. सदरा बदललेला नव्हता. बलक वाळून कडक झाला होता.

"तिथे ऐकतात तुझं?" त्यांनी विचारलं.

"सही झाल्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही, बाबा. सही माझी."

बाबांनी मान हलवली. काटकुळ्या बोटांनी सदऱ्यावरचा बलक खरवडून पाहिला.

"सकाळीच ऐकायला हवं होतं."

"पाईपचं?"

"पाईपचंही," बाबा म्हणाले.

तिने नळ बंद केला. खिशातून फोन काढला, पण अंगणातला गलका इतका वाढला होता, की पलीकडचं काही ऐकू आलं नसतं. बाबांनी ते पाहिलं. ते वळले, शेडच्या कोपऱ्यापर्यंत गेले, आणि दोन्ही मुलांवर असे ओरडले, जसे ते गेल्या वीस वर्षांत ओरडले नव्हते.

"गप्प बसा रे! तिला फोन करायचाय."